फी नाही, पण खाडाही नाही

पहिल्या वर्षी मी आठ महिन्यांत नऊ क्लास बुडवले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे काही शहाणपण झाडणार आहे ते सगळं या नऊ खाड्यांमधून आलेलं आहे.

क्लास म्हणजे शाळा सुटल्यावरचा मोफत डान्सचा क्लास, आठवड्यातून तीन दिवस, त्यातला एक दिवस चित्रांचा. शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो, तो मिळाला, एका मैत्रिणीने जुना स्पीकर दिला, मी लहानपणापासून नाच शिकलेली, त्यामुळे वाटलं अजून काय लागतं. पहिल्या आठवड्यात बत्तीस मुलं आली. मी घरी येऊन सगळ्यांना फोन करून सांगितलं की बत्तीस! मग ऑफिसात एकदा उशीर झाला, एकदा ताप आला, एकदा नुसताच कंटाळा आला आणि मी कारण वेगळं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मनात कुठेतरी हे होतंच की अगं फुकट तर शिकवतेस, एक दिवस नाही गेलीस तर कोण विचारणार आहे. खरंच कोणी विचारलं नाही. फक्त मुलं कमी कमी होत गेली, पंचवीस, अठरा, मग अकरा. मी माझ्या मनाशी ठरवूनही टाकलं होतं की हल्ली मुलांना चिकाटीच नाही, पालकांना कलेची किंमत नाही वगैरे.

मग एक दिवस शाळेचे शिपाईकाका हॉल उघडता उघडता सहज बोलावं तसं बोलले, "ताई, तुम्ही येत नाही ना, त्या दिवशी पोरं गेटवरच बसून राहतात. घरी कुलूप असतं. सहा वाजेपर्यंत इथंच."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. मी समजत होते की मी नाच शिकवते. त्यांच्या घरच्यांच्या हिशोबात मी म्हणजे साडेचार ते सहा पोर कुठे आहे याचं उत्तर होते. शाळा सुटते तेव्हा आईवडील कामावर असतात आणि ते परत येईपर्यंत दोन तास, कधी तीन तास मूल कोणाचंच नसतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते हे तास ट्यूशन, पोहणं, गिटार, कोडिंग असं काहीही भरून टाकतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या घरात या वेळेत मोठी बहीण धाकट्याची आई होते, किंवा मोबाईल सगळ्यांची आई होतो. अशा वेळी फुकटचा क्लास आज आहे उद्या नाही असा असेल तर तो नसलेलाच बरा, कारण नसेल तर घरचे काहीतरी दुसरी सोय तरी करतात.

म्हणून आता कोणी मला विचारलं की आम्हालाही असं काहीतरी सुरू करायचंय, तर मी पहिल्यांदा नाच कुठला शिकवणार हे विचारतच नाही. तुम्ही आजारी पडलात तर त्या दिवशी दार कोण उघडणार, हे विचारते. बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

आणि इथेच पैशाची गोष्ट येते, जी लोकांना आवडत नाही. मोफत हा शब्द फार फसवा आहे. मुलांसाठी मोफत म्हणजे सगळ्यांसाठीच मोफत असं लोक धरून चालतात, म्हणजे शिकवणाऱ्याने पण सेवा म्हणूनच यायचं. मी पहिलं वर्ष तसंच केलं आणि निकाल वर लिहिलाय. सेवाभावी माणूस वाईट नसतो हो, पण सेवाभावाला घरची अडचण आली की सुट्टी मिळते, पगाराला मिळत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढायचं ठरवलं आणि त्यातून एका दादाला मानधन सुरू केलं, तो चित्रकलेचा डिप्लोमा केलेला आणि नाचातही बरा. त्याच्यानंतर क्लास एकदाही बुडला नाही. मी गेले काय न गेले काय, दार उघडतंच. हे लिहिताना थोडं लागतंय पण खरं आहे.

माझ्यासारखीच चूक सगळ्यांनी केली असेल असं वाटून मी मध्ये बरंच वाचत बसले होते की जगात ज्यांचं हे काम वर्षानुवर्षं टिकलं त्यांनी काय केलं. आर्थर मिचेल हा न्यूयॉर्क सिटी बॅले या नाचाच्या कंपनीतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य नर्तक, 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर त्याने ठरवलं की आपण न्यूयॉर्कच्या ज्या हार्लेम वस्तीत वाढलो तिथल्या मुलांना शिकवायचं, आणि 1969 मध्ये त्यातून डान्स थिएटर ऑफ हार्लेम ही बॅलेची शाळा आणि कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे क्लास एका गॅरेजात. उकाड्यामुळे दार सताड उघडं, रस्त्यावरून जाणारी पोरं डोकावणार, आणि टाईट्स घालायला मुलगे लाजतात म्हणून याने कापलेल्या जीन्समध्ये नाचायची परवानगी देऊन टाकली. बॅलेसारख्या शिस्तीच्या नाचात हे केवढं मोठं आहे बघा. त्याच सिटी बॅलेतला जॅक द'अँब्वाझ, त्याने 1976 मध्ये नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट काढली, तीही आधी मुलग्यांपासून सुरू झाली, आणि त्याने तर मुलांना स्टुडिओत बोलवायच्या ऐवजी स्वतःच शाळांमध्ये जाऊन शिकवायला घेतलं. व्हेनेझुएलात 1975 मध्ये होसे अँतोनियो अब्रेऊने मुलांना ऑर्केस्ट्रा शिकवायला घेतला, तेही गॅरेजातच, पहिल्या दिवशी अकरा मुलं आली म्हणतात, पुढे त्याचंच एल सिस्तेमा झालं आणि लाखो मुलं त्यातून गेली. (त्याच्यावर नंतर टीकाही भरपूर झाली, फार कडक शिस्त, वरून खाली हुकूम वगैरे, ती टीका पण वाचण्यासारखी आहे, भारावून जायच्या आधी.) अकरा मुलांचं वाचून मात्र मला फार बरं वाटलं, कारण माझीही अकराच उरली होती!

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसली की जागा साधी असली तरी चालते पण ती मुलांच्या वाटेवर पाहिजे. सुंदर स्टुडिओ आणि तिथे जायला दोन बस, म्हणजे तो क्लास मोफत नाही. फी शून्य आणि येण्याजाण्याचा खर्च आहेच, वर सोडायला-आणायला माणूस पाहिजे.

असे लपलेले खर्च आम्हाला एक एक करून कळत गेले. एकदा एका संस्थेने त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात आमच्या मुलांचा नाच ठेवला. आम्ही हुरळून गेलो, महिनाभर बाकी सगळं सोडून एकच नाच घोटला. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी निरोप आला की ड्रेसचं भाडं आणि मेकअपचे पैसे प्रत्येक मुलाकडून घ्या. रक्कम फार नव्हती. म्हणजे मला फार वाटली नाही. चार मुलं दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीत, आणि घरी जाऊन विचारलं तर कोणी पैशाचं नाव काढलं नाही, पाय दुखतोय, परीक्षा आहे, मावशी आलीय अशी कारणं. त्यातली दोन परत आली, दोन नाही. तेव्हापासून नियम असा की नाच जे कपडे घरात आहेत त्यातच बसवायचा. सगळ्यांनी गडद रंगाचं काहीतरी वर घाला आणि खाली काहीही चालेल. स्टेजवर अजिबात वाईट दिसत नाही, उलट बरं दिसतं, प्रत्येक मूल वेगळं ओळखू येतं.

स्टेजबद्दल माझं मत हळूहळू बदलत गेलंय. कार्यक्रम पाहिजेच, मुलांना तो हवा असतो आणि आईबाबांनी टाळ्या वाजवलेल्या बघितल्या की पोर दोन इंच उंच होऊन घरी जातं. पण वर्षातून एकदा, फार तर दोनदा. कार्यक्रम वाढले की क्लासचा नूर बदलतो, जी पटकन उचलतात ती पुढच्या लाईनला, बाकीची मागे, आणि मागची मुलं फार हुशार असतात, त्यांना लगेच कळतं आपण मागे का आहोत. आम्ही आता लाईन फिरवतो. एका कडव्याला एक रांग पुढे, पुढच्या कडव्याला दुसरी. मध्ये गोंधळ होतो, धडकतात, हसतात. होऊ दे.

नाच शिकवण्याचंही मला पुन्हा शिकावं लागलं. मी ज्या पद्धतीने शिकले त्यात बाई पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि आम्ही मागून बघून करायचो. इथे मी पाठ केली की मागे कुस्ती सुरू. म्हणून तोंड त्यांच्याकडे करायचं आणि सगळं उलटं करायचं, मी डावा उचलला की त्यांचा उजवा, आरशासारखं. पहिले दोन महिने माझाच पाय चुकायचा. सहा-सात वर्षांच्या मुलांना डावं-उजवं पक्कं नसतंच, त्यांच्या उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधला आणि "धाग्याचा हात वर" म्हटलं की काम झालं. आठ मोजायचे, पाच-सहा-सात-आठ म्हणून सुरू करायचं, एका दिवसात दोन आठांपेक्षा जास्त नवीन द्यायचं नाही. आणि अर्ध्या तासाने खाली बसवून काहीतरी टाळ्यांचा खेळ, नाहीतर लक्ष उडालंच समजा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, फरशी बघा. नाचाच्या खऱ्या स्टुडिओत लाकडी जमीन असते आणि तिच्या खाली थोडी लवचिकता ठेवलेली असते, उडी मारल्यावर धक्का ती शोषून घेते. आपल्याला मिळतो काँक्रीटवर बसवलेल्या लादीचा हॉल. तिथे उड्यांवर उड्या असलेला नाच बसवला तर गुडघे, घोटे, नडगी सगळं बोलायला लागतं. उड्या कमी ठेवायच्या, आणि ज्या असतील त्या आधी चवडा मग टाच, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायच्या. आम्ही त्याला मांजराची उडी म्हणतो, ज्याचा आवाज आला तो बाद. आणि मोजे घालून लादीवर नाचू द्यायचं नाही, सरळ घसरतात, अनवाणी किंवा रबरी तळाचे बूट.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. वर्गात दिवसभर बाकावर बसून आलेल्या मुलाकडून ही साठ मिनिटं कधी व्हायची? मैदानात उतरायला सगळ्यांना आवडत नाही, स्पर्धा आली की काही मुलं आधीच मागे सरकतात, मुलींना तर एका वयानंतर मैदानात जागाच उरत नाही. नाचात निदान कोणी हरत नाही. घामाघूम होतात आणि आपण व्यायाम केला हे त्यांच्या गावीही नसतं.

चित्रांच्या दिवशी वेगळीच मुलं फुलतात. दादाने पहिल्याच दिवशी खोडरबर गोळा करून डब्यात ठेवले. मुलांना धक्काच बसला. चुकलं तर? तर चुकलेल्याचं काहीतरी करायचं, रेघ वाकडी गेली तर तिचा साप कर, नदी कर. पहिले कित्येक आठवडे दर दोन मिनिटांनी "दादा बरोबर आहे का" हाच प्रश्न. शाळेने लावलेली सवय, दुसरं काय. ज्या दिवशी एका पोरीने विचारायच्या ऐवजी "दादा बघ" असं म्हटलं त्या दिवशी दादा संध्याकाळभर तेच सांगत होता. (सामानाचं म्हणाल तर काळा रंग सगळ्यात आधी संपतो, दोन बाटल्या जास्तीच्या घ्या, आणि जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरायला विसरू नका, नाहीतर शिपाईकाका हॉल देणार नाहीत.)

आणि काही मुलं येतात पण काहीच करत नाहीत, त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. भिंतीला टेकून बसतात, बघतात, सहा वाजले की जातात. आधी मी त्यांना हाताला धरून उठवायचे, चल गं, ये रे, लाजायचं काय त्यात. त्यातलं एक मूल तर पुन्हा आलंच नाही. मिस्टी कोपलँड, जी 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय महिला मुख्य नर्तिका झाली, तिचा बॅलेशी संबंध आला तो तेराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर मुलं जातात तशा एका क्लबात, बास्केटबॉलच्या कोर्टावर भरणाऱ्या मोफत क्लासात. आणि तीही सुरुवातीला कडेला बसून नुसती बघत होती. तेराव्या वर्षी बॅले सुरू करणं म्हणजे फारच उशीर, घरी सहा भावंडं, राहण्याचा ठिकाणा नाही. तो क्लास जर म्हणाला असता की बघे लोक नकोत, तर?

पण ही गोष्ट सांगताना मी लगेच स्वतःला आवरते, कारण असल्या गोष्टींनीच लोकांची दिशाभूल होते. नायजेरियात लागोसमध्ये 2017 पासून एक मोफत बॅले शाळा चालते, लीप ऑफ डान्स अकॅडमी, तिथल्या अकरा वर्षांच्या एका मुलाचा पावसात अनवाणी नाचतानाचा व्हिडिओ 2020 मध्ये जगभर फिरला, तुम्हीही बघितला असेल. त्याला परदेशात शिष्यवृत्ती मिळाली, छानच झालं. आता प्रत्येक देणगीदाराला तसाच एक मुलगा हवा असतो. "तुमच्या क्लासमधून कोणी पुढे गेलं का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय! पुढे म्हणजे कुठे? त्या व्हिडिओतला मुलगा गेला तेव्हा त्याच्या शेजारी उभी असलेली बाकीची मुलं दुसऱ्या दिवशी क्लासला आलीच असतील ना. आमचा क्लास त्या बाकीच्यांसाठी आहे. गणिताच्या तासाला कोणी मला विचारत नाही की यातून रामानुजन किती निघाले.

संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्कांचा करार आहे, त्यातलं 31 वं कलम विश्रांती, खेळ आणि कलांमध्ये भाग घेण्याबद्दल आहे. त्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की ज्याला येतं त्याला. अभ्यास पूर्ण झाल्यावर असंही नाही. हे मी एका पालकसभेत बोलले तर एक आजी म्हणाल्या, "ते खरं गं बाई, पण गृहपाठ कोण करणार?" त्यांचंही बरोबर होतं. म्हणून आता शेवटची वीस मिनिटं दप्तरं उघडून बसायला देतो, ज्याला करायचाय त्याने करा.

फोटोंबद्दल थोडक्यात. पालकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय चेहरा दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. देणगी देणाऱ्यांना फोटो हवे असतात, आणि शक्यतो बिचारी दिसणारी मुलं हवी असतात. आम्ही पायांचे फोटो पाठवतो. एकाने तेवढ्यावरून देणगी बंद केली, केली तर केली. हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं हजर, मुलाला हात लावून पोझ सुधारायची असेल तर आधी विचारायचं, आणि कोण न्यायला येणार हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं, त्याशिवाय मूल सोडायचं नाही. यात वाद नको.

आता एका धाग्यावाल्या मुलीबद्दल. नाव नाही सांगत. दहा वर्षांची, दोन आठवडे खिडकीबाहेर उभी राहून बघायची, कडेवर धाकटा भाऊ. मी म्हटलं आत ये, तर म्हणाली याला कुठे ठेवू. आमचा नियम सहा वर्षांच्या वरच्यांसाठी, आणि भाऊ असेल अडीच-तीनचा. त्या दिवशी मी नियम सांगितला आणि ती बरं म्हणून गेली. रात्री दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, मग मोफत कशाला म्हणायचं आपण, त्या पोरीच्या फीची रक्कम कडेवर बसलीय की.

कोपऱ्यात एक सतरंजी टाकली. दप्तरांची भिंत केली, तिच्या पलीकडे धाकटी भावंडं, एकावेळी तीन-चार तरी असतातच, मोठ्या मुलांपैकी एकाची पाळी त्यांच्यावर लक्ष ठेवायची. आवाज होतो, मध्येच कोणीतरी रडत नाचाच्या मध्ये येतं, एकदा तर फॉर्मेशनच्या बरोबर मधोमध सू झाली आणि सगळ्यांनी न सांगता गोल मोठा केला. ती मुलगी पहिले चार दिवस नाचताना मान वळवून वळवून त्याच्याकडेच बघायची, त्यात डावं-उजवं चुकायचं, म्हणून उजव्या हाताला दोन धागे बांधायला लागले. आता नाही बघत.

भावाचं नाव दादाने रजिस्टरात शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय, हजेरी पण लावतो. परवा मला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर हा गेटवर शिपाईकाकांच्या स्टुलावर बसलेला, आणि मला बघून जोरात ओरडला, "ताई खाडा!"